दांडीला हात लावू नकोस

मंगळवार, ३ सप्टेंबर

बारक्या,

अक्षरावरून ओळखलंच असशील. तेव्हा लगेच फाडू नकोस, वाच, आणि मग खुशाल फाड. पाच वर्षांनी लिहितेय म्हणून रडगाणं गाणार नाहीये. काम आहे, कामाचंच लिहिते.

मला माउथपीस हवाय. फ्लूगलहॉर्नचा, खोल कपचा. अठ्ठावीस तारखेच्या आत.

आमच्या वाद्यवृंदाचे जुने संचालक निवृत्त झाले, त्यांच्या जागी एक बाई आल्यात. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं की जुना असो की नवा, प्रत्येकानं पुन्हा वाजवून दाखवायचं, मग कुणाची खुर्ची राहते ते बघू. मला त्यांनी ती संथ चाल दिली आहे, चार मिनिटांची, एकटीनं वाजवायची. परवा पहिल्यांदा ऐकली. मिनिटभरात हात वर करून थांबवलं आणि म्हणाल्या, हे ट्रम्पेट झालं, मी त्याहून मऊ आवाजाचा फ्लूगलहॉर्न मागितला होता. सगळ्यांदेखत. आमचा ट्रम्पेटवाला लांबू खाली मान घालून हसत होता. ती चाल त्याला हवी आहे, हे इथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक आहे.

बाईंचं चुकलं असं मी म्हणत नाही. माझा जुना माउथपीस गेल्यापासून दुकानातल्या मालावर दिवस काढतेय. पहिला घेतला, त्याचा कप बशीसारखा उथळ, आवाज पत्र्यावर चमचा आपटल्यासारखा. दुसरा दुकानदारानं खोल म्हणून गळ्यात मारला, तोही बशीच निघाला, फक्त मोठी. तिसरा खरंच खोल आहे, नरसाळ्यासारखा उतरत जातो, आवाजही मऊ येतो, पण काठ इतका धारदार की दहा मिनिटांत ओठ बधिर. दुकानदार म्हणतो, सवय होईल. त्याच्या ओठाला होईल, माझ्या नाही.

माझ्या ओठाला कसा काठ लागतो हे दोनच माणसांना माहीत होतं. त्यातले बाबा गेले.

हॉर्न तोच आहे, तू पाहिलेला. काठ पूर्वीसारखा गोल ठेव, कप पूर्वीपेक्षा किंचित खोल चालेल. तेव्हा जे झालं ते झालं. मी उकरत नाही, तूही उकरू नकोस.

पोरं कशी आहेत? धाकटीचे पुढचे दात आले का?

तुझी बहीण, अजून मानत असशील तर


सोमवार, ९ सप्टेंबर

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. मायना वाचला. 'महोदया'. आधी हसू आलं, मग गेलं. मी तुझ्या वेण्या घालायचे रे, आईनं तुझे केस वाढवले होते तेव्हा. असो. तुला जसं लिहायचं तसं लिही.

पाच ओळींत एवढं कळलं की माउथपीसचं काम तू केव्हाच बंद केलंस, हल्ली पंपाचे बुश काढतोस, पण माझं काम घेशील. आणि अट एकच: 'जुना माउथपीस पाठवावा. तेव्हा दांडी किती पातळ निघाली होती ते मोजल्याशिवाय नवी करता येणार नाही. गेजवर भरवसा उरलेला नाही.'

इथंच घोडं पेंड खातंय. जुना माउथपीस माझ्याकडे नाही. तेव्हाच सांगितलं होतं, रागाच्या भरात फेकला. असल्या वस्तू कोण जपून ठेवतं? मोजायचंच तर माझ्याकडून ऐक, माउथपीसची दांडी हॉर्नच्या नळीत सैल बसत होती. पाव मिलिमीटर धर. तेवढी जाड केलीस की झालं. तुझ्यासारख्या कारागिराला हे मी सांगायला नको.

तुझ्या बायकोला फोन केला होता. तू घरात नव्हतास म्हणून ती मोकळेपणी बोलली, तिला रागावू नकोस. तिनं सांगितलं की बाबांनी स्वतःच्या हातानं केलेला तो दांडी मोजायचा गेज तू फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी टाकलायस आणि बाबा गेल्यापासून एकदाही बाहेर काढला नाहीस. बाबांच्या शेवटच्या आजारपणातलंही सांगितलं. पलंग खिडकीशी घ्यायला लावायचे म्हणे, आणि तो गेज उजेडात धरून फिरवत बसायचे, कुठं झिजला ते शोधत.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बरं, पोस्टाला तीन दिवस लागतात, त्या हिशेबानं लवकर कर. बाईंनी काल पुन्हा ऐकलं आणि काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ताई


सोमवार, १६ सप्टेंबर

हे काय पाठवलंयस तू?

आज दुपारी पार्सल आलं. पोस्टमनसमोरच फोडलं, इतकी घाई. काठाला ओठ टेकवला आणि खरं सांगते, डोळे भरून आले. पाच वर्षं चुकीच्या उशीवर झोपलेल्या माणसाला आपली उशी मिळावी तसं झालं. कप आत असा उतरलाय की कुठं संपतो ते बोटाला कळत नाही. नुसत्या माउथपीसवर फुंकलं तरी आवाजाला जाडी होती. आणि मग हॉर्नमध्ये घालायला गेले तर दांडी अर्ध्या वाटेवर अडकली. चांगली पाच मिलिमीटर बाहेर. नळी तेवढी लांब झाली, सूर खाली पडला. मी ट्यूनिंगची नळी पार आत ढकलली तरी वर येईना. बारा दिवस राहिलेत आणि तू मला असा जाड दांडीचा

मंगळवार, १७ सप्टेंबर

बारक्या,

वरचं काल संध्याकाळी लिहिलं आणि अर्धवट टाकलं. फाडणार होते. मग म्हटलं राहू दे, मी कशी आहे ते तुला दिसू दे. बाहेरच्या माणसाला वाटेल चूक तुझीच.

आज दुपारी तालमीच्या खोलीत कुणी नव्हतं. खिडकीशी बसले. समोर तुझा नवा माउथपीस, आणि हातात पॉलिश पेपर. सकाळी हार्डवेअरच्या दुकानातून बारीक बघून घेतला होता. मनाशी म्हटलं, पाव मिलिमीटरचा तर प्रश्न आहे, हळूहळू गोल फिरवत घासलं तर कुणाला कळणार आहे. दांडीवर दोन घासे मारले. बोटाला पितळेची पिवळी भुकटी लागली आणि तिचा वास आला. तो वास मला ओळखीचा आहे. मी पेपर खाली ठेवला.

आता नीट वाच.

तेव्हा तू मला माउथपीस कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी दिलास. सोबत तुझी चिठ्ठी होती, मला पाठ आहे. 'पंधरा दिवस वाजव. कप खोल आहे, सुरुवातीला सूर किंचित खाली वाटेल. ओठ बसला की वर येईल. दांडीला हात लावू नकोस.' पंधरा दिवस माझ्याकडे कुठं होते? सूर खाली वाटत होता आणि जुन्या संचालकांच्या भुवया वर जात होत्या. दांडी जरा आत गेली की नळी आखूड होते आणि सूर चढतो, हे बाबांनी आपल्या दोघांना एकाच बाकावर बसवून शिकवलेलं. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी कपडे बदलायच्या खोलीत बसून दांडी घासली. हातानं. तू लेथवर अर्धा दिवस घालवून उतरवलेली दांडी.

जास्त घासली गेली. डुलायला लागली. मग मी छापील कार्यक्रमपत्रिकेची एक पट्टी फाडली आणि दांडीला गुंडाळली. वाजवणारे सगळेच कधी ना कधी हे करतात, पाच मिनिटं निभावतं. माझं तीन मिनिटं निभावलं. श्वासाच्या ओलीनं कागद भिजला, माउथपीस आत खचला आणि वाकडा झाला. सूर एकदम चढला आणि मग फाटला. सातशे माणसं. तू तिसऱ्या रांगेत, शेजारी वाद्यांच्या दुकानाचे ते दोघं, जे खास तुझं काम ऐकायला आले होते.

तू त्यांना घेऊनच आत आलास. तू विचारलंही नव्हतंस काही. मीच म्हणाले, "माप चुकलं रे तुझं. दांडी पातळ झाली."

तू म्हणालास, "दाखव."

मी म्हणाले, "फेकला."

तो माझ्या पर्समध्ये होता. माझा हात पर्सवरच होता.

मी तुझ्या डोक्यावर खापर फोडलं आणि तू ते मुकाट्यानं घेऊन गेलास. माझ्याशी भांडला असतास तर कदाचित मी कबूलही केलं असतं, असं मी पुष्कळदा स्वतःला समजावलंय. खोटं आहे ते. तू भांडायचं सोडून लेथ विकायला काढलास तेव्हाही मी गप्प होते. तू एवढ्या लांब निघून गेलास तेव्हा मी लोकांना सांगत होते की बारक्याचा स्वभावच तुटक. आणि बाबा. बाबांनी मला एकदा विचारलं होतं, पोरी, खरंच सैल होती का गं? मी म्हटलं, हो बाबा. त्यांनी मान हलवली. त्यानंतर ते माझ्याकडे कधी त्याबद्दल बोलले नाहीत, गेजकडेच बघत राहिले. त्यांना सांगायला मला दोन वर्षं मिळाली होती, आणि प्रत्येक भेटीत मी त्यांच्या औषधांबद्दल बोलले.

आता तुझी जाड दांडी. ती चुकलेली नाही. पाव मिलिमीटर मी सांगितला आणि तू माझ्या शब्दावर तो दांडीवर चढवलास. खोटं माप मी दिलं, तू ते इमानानं कापलंस. त्या पाव मिलिमीटरची जागा माझ्या तोंडात आहे, तुझ्या गेजमध्ये नाही.

या पार्सलात दोन्ही पाठवतेय. नवा आहे, त्यावर माझे दोन घासे दिसतील. आणि जुना. हो, आहे. पाच वर्षं मोज्यांच्या खणात होता. भिंगातून बघशील तर आडवे ओरखडे दिसतील, लेथचे असे पडत नाहीत हे तुला मी सांगायला नको. कागदाची पट्टीही थोडी चिकटलेली आहे, वाळून पिवळी पडलीये. तिच्यावर माझ्या छापील नावाची दोन अक्षरं आहेत.

दोन्ही तुझ्याकडे आले म्हणजे अठ्ठावीस तारखेला माझ्याकडे काही नाही, दुकानातला तो धारदार काठ सोडून. हे तुझ्या मनात काही यावं म्हणून लिहीत नाही. तुला माहीत असावं की मी ठेवून घेतला नाही, एवढंच.

ताई म्हणायचं की नाही ते तू ठरव.


मंगळवार, २४ सप्टेंबर

बारक्या,

पार्सल शुक्रवारी पोचल्याचं तुझ्या बायकोनं सांगितलं. ती म्हणाली, तू ते जेवणाच्या टेबलावर फोडलंस, जुना माउथपीस भिंगाखाली धरलास, पत्र वाचलंस आणि ताट तसंच ठेवून घराशेजारच्या कारखान्यात गेलास. रविवारीही गेलास. पण लेथचा आवाज आला नाही म्हणाली. मी विचारलं, रागावलाय का? ती म्हणाली, रागावला असता तर मला कळलं असतं. हे तर काय आहे तेच कळत नाहीये.

तू काही लिही असं म्हणणार नाही. मी रोज टपालपेटी दोनदा उघडते, एवढं मात्र खरं.

इकडे बाईंनी यादी लावली. माझा नंबर शेवटून दुसरा, लांबूचा माझ्या लगेच आधी. दुकानातल्या माउथपीसच्या काठावर मी मेण लावून पाहिलं, कापडाची किनार लावून पाहिली. ओठाची आतली बाजू सोलली गेलीये. चहासुद्धा गार करून घेते.

काल एक विचार आला. उथळ कपवरही ती चाल बरी वाजवता आली, तर मग खोल कप, बारक्या, दांडी, कुणाचीच गरज नाही. दोन तास प्रयत्न केला. नाही होत. मधला भाग येतो तिथं आवाजाला खाली बसायला जागाच नाही, तो उभाच राहतो, परक्या घरात आल्यासारखा.

ताई


शनिवार, २८ सप्टेंबर

बारक्या,

झालं.

नाव पुकारलं. सगळा वाद्यवृंद समोर खुर्च्यांवर, बाई मधोमध, मांडीवर वही. मी धारदार काठानंच वाजवलं. तीन मिनिटं सूर न चुकता गेले, पण आवाज पातळ. मला ऐकू येत होतं, त्यांनाही येत होतं. शेवटच्या मिनिटात ओठ सुटला आणि एक सूर अर्ध्यातच विझला. मी पूर्ण केलं. बाईंनी या वेळी थांबवलं नाही.

मग विचारलं, "याहून खोल कप नाही का तुमच्याकडे?"

उत्तर साधं होतं. नाही, एवढंच म्हणायचं आणि खाली बसायचं. पण मागं ड्रमवाले काका दिसले, ते त्या वर्षीही तिथंच बसले होते, आणि व्हायोलिनच्या दोघी, आणि लांबूसुद्धा. बारक्या, मी बसले नाही.

मी म्हणाले, "होता. माझ्या भावानं केलेला. पाच वर्षांपूर्वी इथंच ज्याचा सूर फाटला तो. त्याचं माप बरोबर होतं. दांडी मी घासली होती, कागद मी गुंडाळला होता, आणि दोष त्याला दिला. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा होते, म्हणून सांगतेय."

काकांनी हातातल्या काठ्या खाली ठेवल्या आणि म्हणाले, "बाई, त्यानंतर आम्ही कुणीच त्या मुलाकडून काही घेतलं नाही." त्यांनी 'बाई' कुणाला म्हटलं, मला की संचालकबाईंना, कोण जाणे. मला लागलं.

संचालकबाईंनी वही मिटली. संथ चाल लांबूला दिली. माझी खुर्ची तीन महिने राहील, डिसेंबरअखेर पुन्हा ऐकतील. एवढंच. त्यांच्या चेहऱ्यावर दया नव्हती, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

घरी येताना मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. ती चाल माझी होती रे. मी ती अंघोळ करताना, भांडी घासताना, जिन्यावरून उतरताना गुणगुणत होते. आता सोमवारपासून लांबूच्या शेजारी बसून ती ऐकायची.

ताई


मंगळवार, १ ऑक्टोबर

बारक्या,

आज सकाळी पार्सल आलं. या वेळी पोस्टमनसमोर नाही फोडलं. आत नेलं, दार लावलं.

नवाच माउथपीस आहे, तोच. माझे दोन घासे नाहीत, दांडी लेथवर उतरवून गुळगुळीत केलीयेस. हॉर्नमध्ये घातली तर जिथं थांबायची तिथं थांबली, हलली नाही, खडखडलीही नाही. बाबा असे बसवलेल्या दांडीला म्हणायचे, घरी पोचली.

चिठ्ठी वाचली. 'गेज काढला. जुना माउथपीस न घासलेल्या जागी मोजला. गेज बरोबर होता. त्याच मापानं पाव मिलिमीटर उतरवली. पंधरा दिवस वाजव. दांडीला हात लावू नकोस.'

मायना नाही. 'महोदया' नाही, 'ताई'ही नाही. वरची जागा कोरी सोडलीयेस, बोटभर. मी ती बराच वेळ बघत होते. भरून दे म्हणण्याचा हक्क मला नाही, आणि तू ती सोडलीस हेही मला पुष्कळ आहे. जुना माउथपीस परत पाठवला नाहीस. तुझ्याकडेच असू दे.

गेज बरोबर होता, हे वाचायला बाबा हवे होते. मी मोठ्यानं वाचलं, रिकाम्या खोलीत. त्यानं काय होणार.

तालमीनंतर थोडं वाजवलं. लांबू पेटी आवरत होता, थबकला आणि दारात उभा राहिला. कुणाचा आहे विचारलं. मी सांगितलं. त्याला ट्रम्पेटसाठी हवाय, तुझा पत्ता मागत होता. दिला. म्हटलं, तू स्वतः लिही, आणि तुझ्या ट्रम्पेटबद्दल जे खरं असेल तेच लिही, तो मापाला खोटं चालवून घेत नाही. ड्रमवाल्या काकांच्या पुतण्यालाही एक हवाय, तोही लिहील. त्यांचं काम घ्यायचं की बुश काढत बसायचं, ते तुझं तू बघ.

आज पहिला दिवस. सूर किंचित खाली आहे. दुपारभर खालीच राहिला, बोटं दोनतीनदा दांडीकडे गेली. मी हॉर्न मांडीवर ठेवला, पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवलं.

अजून चौदा दिवस आहेत.

ताई